आपण शाळा बंद केली

मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत वैजयंती धोटे यांच्या ब्लॉगवर दोनशे अकरा प्रतिक्रिया आल्या होत्या आणि त्यांत एकही भांडण नव्हतं.

वैजयंतीला हे पटेना. आदल्या दिवशी तिने जे लिहिलं होतं त्यावर निदान चाळीस जण तरी तुटून पडायला हवे होते. अंजनबर्डीच्या नगराध्यक्षांना, प्रफुल्ल गावंडे यांना, तिने नाव घेऊन विचारलं होतं. नगरपरिषदेची शाळा क्रमांक चार बंद करण्यासाठी एक्केचाळीस मुलांची यादी सतरावर कशी आली? वीटभट्टीवर आणि कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांची चोवीस मुलं रोज वर्गात बसत असताना कागदावर 'स्थलांतरित' कशी झाली? शेवटी तिने लिहिलं होतं, 'तुम्ही पालकांना विचारलं नाही. तुम्ही एक्केचाळीस मुलांची सतरा केली. तुम्ही ही शाळा बंद केली, कारण तुम्हाला चार्जिंग स्टेशनसाठी चौकातली जागा हवी होती. ही चोरी आहे.'

आणि खाली लोक लिहीत होते, 'एवढं मोठं मन हल्ली कुठे दिसतं?' 'आपल्या प्रांजळपणाला नमस्कार.' 'स्वतःकडे बोट दाखवायला धैर्य लागतं.'

"कोणाचं मोठं मन?" ती चहाच्या कपाशी बोलली. "कोणी दाखवलं बोट?"

छप्पन्न वर्षांची वैजयंती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. सतरा वर्षं ती गावाच्या कारभारावर लिहीत आली होती. नळाच्या पाण्यातलं फ्लोराइड, नालीचा उतार, बाजारातली वजनं. आकडा घ्यायचा, तपासायचा आणि मांडायचा, एवढीच तिची पद्धत. पूर्वी लोक भांडायचे. हल्ली पाच-सहा वर्षांत प्रतिक्रिया गोड झाल्या होत्या, आणि आपलं लिहिणं सुधारलं असावं अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती.

साडेदहाला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून झाडेबाबूंचा फोन आला. शुक्रवारी अकरा वाजता शाळेच्या प्रकरणाची सुनावणी होती, हे तिला माहीत होतं. तक्रार तिचीच होती.

"मॅडम, एक छोटासा बदल आहे," झाडेबाबू म्हणाले. "तुमचं नाव तक्रारदारांच्या रकान्यातून काढून जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात घेतलं आहे."

"का?"

"तुम्ही कबुली दिली ना जी. ब्लॉगवर. प्रत काढून फाइलला लावली आहे. वाचू का? 'आपण पालकांना विचारलं नाही. आपण एक्केचाळीस मुलांची सतरा केली. आपण ही शाळा बंद केली.' तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य होत्या म्हणून साहेबांनी..."

"मी 'तुम्ही' लिहिलंय, झाडेबाबू. 'आपण' नाही."

"इथं तर 'आपण'च आहे मॅडम. छान लिहिलं आहे. साहेबांनाही आवडलं."

तिने स्वतःच्या फोनवर लेख उघडून पाहिला. 'तुम्ही' होतं, एकूण एक जागी. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दाढी करत असलेल्या नवऱ्याचा, सुहासचा, फोन उचलला. त्याच्या फोनवर तोच लेख होता, तेच छायाचित्र, तीच तारीख. पण 'तुम्ही' कुठेच नव्हतं. गावंडेंचं नावही नव्हतं. त्या जागी 'संबंधित' असा शब्द होता. शेवटचं वाक्य होतं, 'ही बाब आपल्या सर्वांनी विचार करण्यासारखी आहे.'

"काल वाचलं मी," सुहास आरशातून म्हणाला. "शांत वाटलं वाचून. तू समितीवर होतीस ते मान्य केलंस, बरं केलंस."

"मी काही मान्य केलेलं नाही, सुहास."

"असं कसं? मी वाचलं ना."

*

हे 'सौम्य'चं काम होतं.

सात वर्षांपूर्वी राजकारणावर लिहिणाऱ्या साध्यासुध्या माणसांचे ब्लॉग एकामागून एक बंद पडायला लागले होते. लिहिणाऱ्याला शिव्या, घरच्यांना धमक्या, कोण लिहील? एका पक्षाचं म्हणणं, वाईट मजकूर पुसून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, एक अक्षर जरी पुसलं तरी ती गळचेपी. दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून भांडण मिटत नव्हतं. ते मिटवलं एका यंत्रणेनं. लिहिणाऱ्याच्या मजकुराला हात लावायचाच नाही. तो होता तसा साठवून ठेवायचा. बदल करायचा तो वाचणाऱ्याच्या पडद्यावर.

तत्त्व साधं होतं. माणूस चिडला की त्याच्या तळव्याला किंचित घाम येतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते. मनगटावरची पट्टी हा फरक मोजते आणि प्रत्येकाला किती कडक भाषा सोसते याचा अंदाज बांधते. मग सौम्य ही प्रणाली मजकुराचे दोन भाग करते, काय म्हटलं आहे आणि कशा सुरात म्हटलं आहे. पहिला तसाच ठेवायचा आणि दुसरा वाचणाऱ्याला झेपेल इतका खाली आणायचा. शेवटी जुन्या आणि नव्या मजकुराच्या अर्थाची आकड्यांत तुलना होते आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत उमटतं, उदाहरणार्थ 'आशय जपला : ९९.४ टक्के'.

लिहिणारा मोकळा आणि वाचणारा सुखात. वैजयंतीनेच तेव्हा या यंत्रणेची तारीफ करणारा लेख लिहिला होता. सुहासचा रक्तदाब उतरला होता. दिवाळीला घरी जमलेले भाऊ, मेहुणे एकमेकांचे ब्लॉग वाचूनही फराळाला एकत्र बसायला लागले होते. सरकारी कार्यालयांनी तर सौम्य प्रतच अधिकृत धरायची असं परिपत्रक काढलं होतं, कारण फाइलवर शिवी चढलेली कोणालाच नको होती.

तिने तिची आणि सुहासची अशा दोन्ही प्रती छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि लाल पेनने खुणा करत बसली. पंचवीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना चूक कुठे शिरली ते शोधायची सवय होती. वीस मिनिटांत सापडली.

'तुम्ही'पेक्षा 'आपण' अधिक आदराचं, म्हणून सौम्यने 'तुम्ही'चं 'आपण' केलं होतं. यंत्राच्या लेखी माणूस बदलला नव्हता. आधीही समोरचाच, नंतरही समोरचाच. पण मराठीत 'आपण' म्हणजे समोरचा माणूसही होतो आणि आपण सगळेही होतो. क्रियापदानं तरी सांगावं, तर 'केली' हे क्रियापद शाळेच्या मागे जातं, करणाऱ्याच्या नाही. पुण्याकडचं कोणी असतं तर त्यानं 'केलीत' लिहिलं असतं, आणि त्या शेवटच्या 'त'ने माणूस पकडला गेला असता. अंजनबर्डीत 'तुम्ही जेवले का', 'तुम्ही कधी आले' असंच बोलतात. तो 'त' इथं कोणी लावत नाही, तिनेही लावला नव्हता. आणि सौम्यला लेखकाची शैली जपायची होती, म्हणून त्यानेही लावला नाही. वर गावंडेंचं नाव काढून टाकल्यावर ते 'आपण' कोणाकडे बोट दाखवणार? जो लिहितो त्याच्याकडेच.

एका अक्षराने आरोपाची कबुली झाली होती. तळाशी लिहिलं होतं, आशय जपला : ९९.६ टक्के.

*

सौम्य चालवणाऱ्यांच्या सौजन्य कक्षाचा फोन अकराव्या मिनिटाला लागला.

"आपला राग आमच्यासाठी मोलाचा आहे," पलीकडचा माणूस म्हणाला.

"राग राहू द्या. माझ्या लेखाचा अर्थ उलटा झालाय. तो दुरुस्त करा."

"मी पाहतो हं मॅडम. आपल्या लेखाचा आशय नव्याण्णव पूर्णांक सहा टक्के जपला गेलेला आहे. हा आपल्या विभागातला या महिन्याचा उच्चांक आहे. आपलं अभिनंदन."

"राहिलेल्या शून्य पूर्णांक चार टक्क्यांत माझी नोकरी आहे."

"मी आपली भावना समजू शकतो."

"तुम्ही 'तुम्ही' म्हणू शकता का? माझ्यासाठी? एकदा?"

"तशी परवानगी नाही मॅडम."

शेवटी त्याने उपाय सांगितला. लेखावर काय प्रतिक्रिया आल्या आहेत त्या मूळ रूपात वाचायच्या असतील, किंवा मूळ प्रत कोणा कार्यालयाला दाखल करायची असेल, तर 'कठोर वाचन संमती' हा अर्ज भरायचा. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडायचा, रक्तदाब एकशे तीसच्या आत असल्याचा.

डॉक्टर किटुकले तिचे शेजारीच. त्यांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"एकशे बासष्ट," ते म्हणाले. "एरवी तर तुमचं नॉर्मल असते वहिनी. आज का झालं?"

"हा अर्ज वाचला."

"मग पंधरा दिवस नका वाचू. मग या."

"शुक्रवारी सुनावणी आहे, डॉक्टर."

"मी खोटा दाखला देऊ का? अन् उद्या तुम्हीच त्यावर ब्लॉग लिहान."

हे खरंच होतं, म्हणून ती उठली.

संध्याकाळी गावंडेंचा फोन आला. राजकारणात येण्यापूर्वी ते तिच्याच महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. आवाज भरून आलेला होता.

"मॅडम, काल वाचलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. सगळे मला एकट्याला धरून राहिले होते. तुम्ही तेवढं 'आपण' म्हटलं."

"सर, मी 'तुम्ही' म्हटलं होतं. यंत्रानं बदललं."

गावंडेंनी खाकरून घसा साफ केला.

"असं का," गावंडे म्हणाले. आवाज एकदम भूगोलाच्या तासाचा झाला. "मग शुक्रवारी तसं सांगून द्या. मी कशाला अडवू? पण यादीवर तीन सह्या आहेत मॅडम. माझी अध्यक्ष म्हणून, मुख्याध्यापकांची, अन् एक शिक्षणतज्ज्ञ सदस्याची. अजून कोणी तिकडं पाहिलं नाही. मी तर म्हणतो, पाहूही नये. दीड वर्षच राहिलं ना तुमचं?"

"मी त्या यादीवर सही केलेली नाही."

"बरं जी," गावंडे म्हणाले, आणि ते 'जी' तिला शिवीसारखं लागलं.

*

लोक खरं काय लिहितात ते तिला आता पाहायचं होतं. मूळ प्रतिक्रिया वाचायला दाखला लागत होता. पण सौम्य न वापरणारं कोणी असेल तर त्याच्या फोनवर त्या तशाच दिसल्या असत्या. गावात असं कोण असेल, हे शोधायला तिला दीड दिवस लागला. ज्याला त्याला विचारलं की तो हसून म्हणे, नको जी ते, कशाला डोक्याला ताप. अखेर टाकीजवळच्या किराणावाल्याने सांगितलं, नेवारेबाईंच्या चक्कीवर जा, तिचा फोन तिच्या लग्नातला आहे, त्यात ते चालतच नाही.

चंदा नेवारे हे नाव वैजयंतीच्या ओळखीचं होतं. 'चार नंबरची आई' या नावाने तिच्या ब्लॉगवर महिनाभर लिहिणाऱ्या बाईच्या खात्यावर तेच नाव होतं. फार सुसंस्कृत बाई. वैजयंतीने मनात तिचं एक चित्रही रंगवलं होतं, निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरे केस, सुती साडी. गुरुवारी दुपारी चक्कीच्या दारात जी बाई उभी होती ती पस्तिशीची होती, कोपरापर्यंत पिठानं भरलेली, आणि ओट्यावरच्या गिऱ्हाइकाला सांगत होती की ज्वारीत खडे आणायचे असतील तर चक्कीचा पाटा स्वतःच्या घरून आणायचा.

"तुम्ही चार नंबरची आई का?" वैजयंतीने विचारलं.

"हो. दोन पोट्टे आहेत तिथं. तुम्ही कोण?"

"मी वैजयंती धोटे. ब्लॉग लिहिते. तुम्ही मला नेहमी..."

चंदाने चक्की बंद केली. पट्टा फडफडत थांबला. गिऱ्हाईकही थांबलं.

"हिंमत आहे तुमची," चंदा म्हणाली.

"म्हणजे?"

"महिनाभर मी तुम्हाले शिव्या देऊन राहिली, अन् तुम्ही मले धन्यवाद देऊन राहिल्या. काहून? माही गंमत करता का?"

वैजयंती पिठाच्या डब्यावर टेकली. "मला दाखवा," ती म्हणाली. "तुम्ही काय लिहिलं ते. आणि मी काय लिहिलं ते. तुमच्या फोनवर."

तडा गेलेल्या काचेखाली अक्षरं लहान होती, पण स्वच्छ होती. महिन्यापूर्वी, शाळा बंद होणार अशी बातमी आली तेव्हा, वैजयंतीने हळहळ व्यक्त करणारा लेख लिहिला होता. त्याखाली चंदाने लिहिलं होतं, 'मॅडम, तुम्ही सही केली. आता कायले रडून राहिल्या? लाज वाटू द्या जराशी.'

वैजयंतीने स्वतःच्या फोनवर तीच जागा उघडली. 'मॅडम, आपण सही केली. आता वाईट वाटणं स्वाभाविक आहे. मन हळवं होतं.'

याला तिने काय उत्तर दिलं होतं ते दोन्ही फोनवर सारखंच होतं. 'खरं आहे ताई. आपण सगळ्यांनीच या व्यवस्थेखाली डोळे झाकून सह्या केल्या आहेत.'

"आपण सगळ्यांनी," चंदा म्हणाली. "मी कुठं केली जी सही? हे वाचून त्या दिवशी माह्या हातानं दळण जाड निघालं."

त्यावर चंदाने लिहिलं होतं, 'माही सही कुठं आहे दाखवा. नाहीतर तोंड बंद ठेवा.' वैजयंतीच्या फोनवर ते होतं, 'माझीही सही असावी, ही विनंती. बाकी मी शांत आहे.' आणि तिने मोठ्या उत्साहात उत्तर दिलं होतं, 'जरूर. सह्यांची मोहीम आपण लवकरच सुरू करू.'

ओट्यावरचं गिऱ्हाईक हसायला लागलं. चंदाही हसली असती, पण तिने ओठ आवळून धरले.

"मला वाटलं तुम्ही अलंकारानं बोलताय," वैजयंती म्हणाली. "सही म्हणजे... मूक संमती वगैरे."

"मी अलंकारानं नाही बोलत. मी सहीचं बोलून राहिली. हे पाहा."

तिने एक फोटो उघडला. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या यादीचा फोटो. सतरा नावं. त्याखाली 'प्रत्यक्ष पडताळणी करून प्रमाणित' असा शिक्का. शिक्क्याखाली तीन सह्या. तिसरी सही 'वै. धोटे' अशी होती आणि तिच्याखालून एक रेघ जात होती, शेवटी किंचित वर उचललेली. तशी रेघ तिच्याशिवाय कोणी ओढत नव्हतं.

तिला आधी काहीच आठवलं नाही. मग हळूहळू आठवलं. जुलै महिना, बारावीचं प्रात्यक्षिक, वर्गात अमोनियाचा वास. शाळेचा शिपाई फाइल घेऊन दारात उभा. एका हातात ब्युरेट होती. दुसऱ्या हाताने तिने शिपाई दाखवील तिथे, पाच-सहा ठिकाणी, सह्या केल्या होत्या. कशावर करतो आहोत ते पाहिलं नव्हतं. गावंडे सरांचा कागद होता, म्हणून.

"महिनाभर तुम्ही मला हेच सांगत होत्या," ती म्हणाली.

"सांगत होती. ओरडून सांगत होती. अजून कसं सांगतात?"

वैजयंतीला स्वतःचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या दोनशे अकरा लोकांचा आला ज्यांनी तिचं कौतुक केलं होतं. अर्थ चुकीचा वाचूनही ते तिच्यापेक्षा खऱ्याच्या जवळ पोचले होते, आणि हे तर अगदीच असह्य होतं.

"उद्या तुम्ही या सुनावणीला," ती म्हणाली.

"मी तर येणारच होती," चंदाने चक्कीचं बटण दाबलं. "तुमच्या नावानं बोंबलाले."

*

गटशिक्षणाधिकारी तायडे हे थकलेले, सरळ गृहस्थ होते. टेबलाच्या एका बाजूला गावंडे बसले होते, दुसऱ्या बाजूला वैजयंती. भिंतीशी बाकावर चंदा आणि आणखी चार आया. झाडेबाबूंच्या पुढ्यात नोंद घेणारं यंत्र होतं. जो बोलेल त्याचं बोलणं ते परस्पर लिहून काढायचं, अर्थात सौम्य करून.

तायडेंनी छापील प्रत पुढे ओढली. "मॅडम, एकच प्रश्न. 'आपण एक्केचाळीस मुलांची सतरा केली.' इथं 'आपण' म्हणजे कोण?"

"मी 'तुम्ही' लिहिलं होतं. गावंडे सरांना उद्देशून. यंत्रानं आदरार्थी 'आपण' केलं." तिने लाल खुणा केलेले दोन कागद समोर ठेवले आणि तीन मिनिटांत तो 'त' समजावून सांगितला. तायडेंनी मान डोलावली. ते मूळचे मराठीचे शिक्षक होते.

"हे पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "गावंडे साहेब, तुमचं काही म्हणणं?"

"मॅडम म्हणतात तर तसंच असेल," गावंडे म्हणाले आणि वैजयंतीकडे पाहिलं. त्या पाहण्यात धमकी नव्हती. ते फक्त आठवण करून देत होते.

"मग तुमचं नाव परत तक्रारदारांत घेतो. बाकी पटसंख्येचं म्हणाल तर आता माझ्या हाती काही नाही. यादी प्रमाणित आहे. तीन जणांनी पडताळून सह्या केल्या आहेत. त्यातलाच कोणी पडताळणी झाली नाही असं लिहून देत असेल तर आदेश थांबतो, एरवी नाही. सोमवारपासून शाळा बंद."

बाकावर कोणीतरी मोठा श्वास सोडला. चंदा वैजयंतीच्या पाठीकडे पाहत होती, आणि ते वैजयंतीला पाठीत कळत होतं.

रात्रभर वैजयंतीने हिशेब मांडला होता. 'तुम्ही' परत मिळालं की ती स्वच्छ होती. दीड वर्षाने निरोप समारंभ, शाल, श्रीफळ. ब्लॉगवर ती या व्यवस्थेबद्दल आणखी दहा लेख लिहू शकली असती आणि ते सगळे लोकांना आवडले असते.

"सतरा त्यांनी केली," ती म्हणाली. "सही मी केली. ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत, तायडे साहेब. वेगवेगळीच लिहा."

गावंडेंनी डोळे मिटले.

"तिसरी सही माझी आहे. मी शाळेत गेले नाही, मुलं मोजली नाहीत, यादी वाचलीसुद्धा नाही. मी न मोजता सही केली."

तायडेंनी छापील प्रत बाजूला सारली. "चौकशी लागेल तुमच्यावर. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"झाडे, घ्या नोंद."

झाडेबाबूंनी पडद्यावर पाहून वाचून दाखवलं. "'माझ्याकडून अनवधानाने सही झाली.' बरोबर?"

"नाही. मी सही केली."

"तेच आहे मॅडम."

"झाली नाही झाडेबाबू. पाऊस होतो. सर्दी होते. सही करावी लागते. मी सही केली."

झाडेबाबूंनी पुन्हा बोलून पाहिलं. यंत्राने लिहिलं, 'आमच्याकडून पडताळणी राहून गेली.' तिसऱ्यांदा लिहिलं, 'सही करण्यात आली.' चौथ्या वेळी झाडेबाबू स्वतःच वैतागले आणि यंत्राला काहीतरी बोलले. यंत्राने ते, 'कृपया थोडं सहकार्य करावं,' असं नोंदवलं.

"हाताने लिहिलेलं चालतं का?" वैजयंतीने विचारलं.

तायडेंनी कपाळ चोळलं. "नियम अजून रद्द झालेला नाही," ते म्हणाले आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं.

तिने एक कोरा कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर त्या वाचल्या, खाली तारीख घातली, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचल्या आणि मग सही केली. तायडेंनी कागदावर शिक्का मारला. आदेशाला स्थगिती; सोमवारी साडेदहाला तिन्ही प्रमाणित करणाऱ्यांनी शाळेत हजर राहून प्रत्यक्ष मोजणी करावी. गावंडे कोणाशी न बोलता उठून गेले.

बाहेरच्या व्हरांड्यात चंदा चपला घालत होती. वैजयंती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. चंदाला आभार मानायची काही घाई दिसत नव्हती.

"चांगलं केलं म्हणणार नाही मी," चंदा म्हणाली. "तुम्हीच केलं होतं, तुम्हीच निस्तरलं."

"हो."

"अन् ते लेखात लई मोठे मोठे शब्द लिहिता तुम्ही. 'व्यवस्था' अन् का का. समजत नाही धड. मी लिहीन तसं खाली."

"लिहा. मी वाचायला येत जाईन. तुमच्या फोनवर."

"चक्कीवर गर्दी असते. दुपारून येजा."

इतर आया फाटकापाशी थांबल्या होत्या. चंदा दोन पायऱ्या उतरली.

"सोमवारी मग," वैजयंती म्हणाली. "आपण मोजू या सगळी मुलं. एक एक करून."

चंदाने वळून पाहिलं.

"आपण नाही जी," ती म्हणाली. "तुम्ही. मले चक्की आहे."